कांडीवरचा दोरा

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी गाडी उचलून नेणारा ट्रक गल्लीत शिरला आणि शेडसमोर थांबला. थोरल्याने दार आधीच उघडून ठेवलं होतं. आत नऊ वर्षं एकाच जागी उभी असलेली गाडी होती, मूळची हिरवी, आता धुळीच्या रंगाची. कागदांवर दोन मालक होते, थोरला आणि धाकटा भाऊ, त्यामुळे भंगारात द्यायलाही दोघांच्या सह्या हव्या होत्या. थोरल्याची झाली होती. धाकट्याने अकराला येतो म्हणून कळवलं होतं, तेही वहिनीला. थोरल्याशी तो नऊ वर्षं बोलत नव्हता, आणि थोरला त्याच्याशी.

थोरला बाइंडर. छापखान्यामागच्या खोलीत त्याने चाळीस वर्षं पुस्तकं शिवली. धाकटा इलेक्ट्रिशियन. चोवीस वर्षांपूर्वी एकट्याने गाडी घेणं दोघांनाही झेपणारं नव्हतं, म्हणून दोघांनी मिळून घेतली, तीही जुनी. एक आठवडा याचा, एक आठवडा त्याचा. रविवारी सकाळी किल्ली एका घरून दुसऱ्या घरी जायची.

पहिल्या दिवशी वडील मागच्या सीटवर बसले ते उतरेचनात. गल्लीला तीन फेऱ्या झाल्या. आई खिडकीतून म्हणाली, "अहो, जेवायला तरी उतरा." वडील म्हणाले, "इथेच वाढ." पुढे सीटा फाटल्या तेव्हा थोरल्याने पुस्तकांच्या बांधणीचं उरलेलं लाल कापड लावून त्या शिवल्या. शेजारी विचारायचे, "काय, वाचनालय कुठे निघालं?" हॉर्नची वायरिंग धाकट्याने बदलली, तेव्हापासून डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजायचा. धाकटा म्हणायचा, "दादा, हे सुरक्षेसाठी आहे." थोरला म्हणायचा, "मग उजवीकडचे लोक मेले तरी चालतील का रे?" बॉनेटची तार तुटली ती कधी नीट झालीच नाही. जाळीतून पक्कड घालून तार ओढायची आणि गुडघ्याने बॉनेटला दणका द्यायचा. ही कला दोघांनाच यायची.

गाडीला एक खोड होती. ती ऑइल खायची. "ऑइल हिचं जेवण, पेट्रोल नुसतं तोंडी लावायला," असं धाकटा म्हणायचा. म्हणून दोघांनी नियम केला. ज्याचा आठवडा संपतो त्याने इंजिनातली ऑइल मोजायची कांडी काढून ऑइल बघायचं, कमी असेल तर भरायचं आणि कांडीच्या कडीला आपली खूण बांधायची. थोरल्याची खूण शिलाईचा पांढरा दोरा, धाकट्याची लाल वायरचा तुकडा. समोरच्याची खूण दिसली की डोळे मिटून गाडी न्यायची. पंधरा वर्षं कोणी कोणाला विचारलं नाही.

मग एका मंगळवारी, धाकट्याच्या आठवड्यात, भर रस्त्यात इंजिन जाम झालं. मेकॅनिकने कांडी काढली, बघितली, परत घातली आणि हात पुसत म्हणाला, "थेंब नाही आत." निरोप मिळून आलेला थोरला तेव्हा रस्त्याच्या पलीकडे उभा होता.

"तुझा दोरा होता, दादा," धाकटा म्हणाला.

"नव्हता. रविवारी मी खाली उतरलोच नाही. शाळेच्या पुस्तकांची घाई होती. किल्ली खिडकीतून टाकली तुझ्याकडे, आठवतंय ना?"

"आठवतंय. दोरा होता."

"मग चल, दाखव."

"मी दाखवणार नाही. तू ये आणि बघ."

थोरला गेला नाही. आपण रविवारी गाडीजवळ गेलो नव्हतो याची त्याला पक्की खात्री होती, मग बघायचं कशाला? धाकटाही हट्टाला पेटला. गाडी शेडमध्ये ढकलली गेली आणि दोघांनी शेडकडे पाठ फिरवली. दोन घरांची लग्नं, बारशी, आजारपणं बायकांनी आपसात सांभाळली. आता शेडच्या मालकाला महिनाअखेर जागा मोकळी हवी होती.

"बॉनेट उघडा, काका," ट्रकवाला म्हणाला. "चॅसिस नंबर कागदाशी जुळवायचाय. त्याशिवाय आमच्याकडे घेत नाहीत."

"माझा भाऊ येतोय. त्याच्याकडे पक्कड आहे."

"पक्कड माझ्याकडेही आहे की. गाडी उघडायची आहे, दात नाही काढायचा."

थोरल्याने पक्कड घेतली. जाळीतून हात घातला तेव्हा तार कुठे आहे ते बोटांना आठवत होतं. गुडघ्याने दणका दिला. गुडघा दुखला, पण बॉनेट उघडलं.

ट्रकवाला वाकून नंबर शोधू लागला. थोरला कांडीच्या कडीकडे बघत होता. कडीला दोरा होता. काळपट, तेलकट, पण दोराच, आणि गाठ बाइंडरची, दुहेरी, टोकं आखूड कापलेली. अशी गाठ दोन्ही घरांत दुसरं कोणी मारत नव्हतं.

त्याने गाठीवरून अंगठा फिरवला. मग त्याला शनिवार आठवला. रविवार नव्हे, शनिवार. संध्याकाळी कामावरून आल्यावर त्याने बॉनेट उघडलं होतं. ऑइल कमी होतं, आणि भरायला घेतलेला डबा रिकामा निघाला. सकाळी नवा आणून भरू, असं ठरवून त्याने आधी दोरा बांधून टाकला. बांधणीच्या खोलीत तो तसंच करायचा. आधी गठ्ठ्याला दोरा, मग पानं मोजायची, कारण गठ्ठा सुटला तर मोजणी वाया जाते. चाळीस वर्षं ही सवय कुठेच चुकली नव्हती. सकाळी शाळेची पुस्तकं आली आणि डबा राहून गेला.

"हा दोरा कसला?" ट्रकवाल्याने विचारलं. "देवाधर्माचा असेल तर काढून घ्या बाबा. मागून लोक भांडायला येतात."

थोरल्याच्या खिशात दोरा कापायची छोटी सुरी होती. ती कायम असायची. त्याचा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला. दहा चाळीस झाले होते. धाकटा यायला वीस मिनिटं होती. एक काप दिला की ट्रकवाल्याशिवाय कोणाला काही कळलं नसतं, आणि त्यालाही त्याचं काही नव्हतं.

"माझा आहे," थोरला म्हणाला. त्याने हात रिकामाच बाहेर काढला.

"मग काढू?"

"नको. बॉनेट तसंच उघडं राहू दे."

"उघडं ठेवून गाडी नेता येत नाही, काका."

"न्यायची वेळ झाली की बघू. अकरापर्यंत थांबा."

ट्रकवाल्याने खांदे उडवले आणि तो चहा शोधायला गेला. थोरला गाडीत जाऊन बसला, ड्रायव्हरच्या नव्हे, शेजारच्या सीटवर. लाल कापडाची शिवण एका जागी उसवली होती. बाकी टाके धड होते. धाकटा आल्यावर काय म्हणायचं ते त्याने जुळवून पाहिलं. 'तुझं बरोबर होतं' एवढं म्हणायला हरकत नव्हती. पण नऊ वर्षं तू का बघितलं नाहीस, असं त्याने विचारलं तर? खात्री होती, हे उत्तर आता चालणार नव्हतं. खात्री असलेला माणूस एकदा येऊन बघून गेला असता.

सव्वाअकरा झाले. साडेअकराला ट्रकवाला म्हणाला, "काका, मला अजून एक उचलायची आहे." थोरल्याने धाकट्याला फोन केला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. नंबर तोच होता. रिंग वाजत राहिली, कोणी उचलला नाही.

मग त्याने धाकट्याच्या घरचा फोन लावला. धाकट्याच्या बायकोने उचलला. तिने आवाज ओळखला.

"भाऊजी, ते दहालाच निघाले. स्कूटरवर."

धाकट्याचं घर शेडपासून दहा मिनिटांवर होतं.

"काही बोलला का?"

"नाही. माळ्यावरून जुनी पक्कड काढून मागितली फक्त."

अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. ट्रकचा हुक गाडीच्या पुढच्या आसाला लावलेला होता, साखळी अजून सैल होती, बॉनेट उघडं होतं. गल्लीच्या टोकाला स्कूटर दिसत नव्हती, आणि थोरला साखळी ओढू देत नव्हता.