चौथी पायरी

मी एक जुनी लाकडी शिडी आहे. मित्रांनो, मला बारा पायऱ्या आहेत, असा या घरात समज आहे. वस्तुतः अकराच आहेत. चौथीच्या जागी वाळवीने उरवलेला भुगा आहे आणि त्यावर हिरवा रंग.

ज्या सुताराने मला घडवले, तो प्रत्येक पायरी बसवली की आधी स्वतः तिच्यावर उभा राही. तीस वर्षे दर पावसाळ्याआधी माझ्यावरूनच हे घर शाकारले गेले. मालक वर कौले बदलत. त्यांची बहीण, जिला सगळे आत्या म्हणतात, खाली मला घट्ट धरून उभी राही. "हिच्यामुळे घर कोरडं आहे," असे मालक पाहुण्यांना अभिमानाने सांगत आणि मला परसात, भर पावसात, ठेवून देत. माझा गौरव नेहमी छपराखाली झाला. मी बाहेर होते.

मालक गेले. त्यांचा मुलगा व्यवस्थित आहे. त्याने पावसाळ्यापूर्वीच्या कामांची यादी केली. तीत 'शिडी' होती. त्याने मला रंगवले आणि यादीवर खूण केली. वाळवीला इतका सुबक पडदा कोणी शिवून दिला नसेल.

आज सकाळपासून आभाळ खाली उतरते आहे. आत्याच्या खाटेच्या बरोबर वरची दोन कौले फुटली आहेत आणि वारा एका जागी थांबत नाही.

"रविवारी करतो ना, आत्या."

"रविवारपर्यंत पाऊस थांबणार आहे का रे? धर शिडी!"

त्याने मला एका हाताने धरले. दुसऱ्या हातात फोन होता. आत्या चढू लागली. पहिली. दुसरी. तिसरी. चौथीवर तिचा पाय टेकताच मी अंगातले सगळे बळ एकवटून करकरले.

"ही कुरकुरतेय."

"जुनी झालीय. कुरकुरणारच."

"जुनी मीही आहे. माझंही तू असंच ऐकतोस."

पण तिने पाय मागे घेतला. वाकून अंगठा दाबला. हिरव्या सालीतून तो नखापर्यंत आत गेला. ती खाली उतरली आणि भुग्याने माखलेला अंगठा तिने भाच्यासमोर धरला. त्याने फोन खिशात ठेवला.

तेवढ्यात पाऊस आला. दोघांनी खाट ओढली, तोवर उशी भिजली होती. मग भाचा धावत येऊन मला आत घेऊन गेला. तीस वर्षांत प्रथमच.

"चौथी सोडून चढतो मी," तो म्हणाला.

"पाचवी पाहिलीस?"

त्याने मला जमिनीवर आडवे केले.

मित्रांनो, घर दुरुस्त करण्यासाठी ज्याच्यावर पाय ठेवाल, त्याला आधी तपासा. रंग पाहू नका, अंगठा दाबा. आत्ता तो खाली बसून माझी एकेक पायरी दाबतो आहे. सातवीपर्यंत आला आहे. आत्याने गळतीखाली बादली सरकवली आहे, आणि ती भरत आली आहे.