जाळी कुणाची

बटणांचा कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली होती. आता त्याच शेडमध्ये चकचकीत दुकान निघालं, आणि उद्घाटनाला थोरलीला बोलावणं आलं. थोरली म्हणजे तिथं एकतीस वर्षं बटणांना भोकं पाडलेली बाई. कामावर दोघी बहिणी, म्हणून मुकादमानं एकीला थोरली आणि दुसरीला धाकटी केलं, आणि पुढं सगळी गल्ली तेच म्हणू लागली.

बोलवायला जुन्या मालकांचा नातू स्वतः घरी आला होता. त्यानं जन्मात एक बटण बनवलं नव्हतं, तुटलेलं शिवलंही नसेल. आयत्या बिळावरचा नागोबा, पण बोलायला मधाळ.

"मावशी, तुम्ही आमचा इतिहास आहात," तो म्हणाला.

"इतिहासाचे गुडघे दुखतात," थोरली म्हणाली. "गाडी पाठव."

काम सोपं होतं. पाहुण्यांसमोर जुन्या मशीनवर बसून चार बटणं पाडून दाखवायची, आणि मग दर रविवारी दोन तास तेच. पगार मिळणार होता. या वयात बसून पगार! धाकटीनं तर त्यातून गुडघ्यांच्या औषधांचा हिशेबही मांडून टाकला.

त्या दिवशी दोघी शेडमध्ये शिरल्या. जिथं भुशाचा ढीग असायचा तिथं काचेच्या बरण्या होत्या, आणि नातवाच्या आजोबांचा फोटो छापलेल्या पुठ्ठ्यावर चार-चार बटणं टाचून एका शर्टाच्या भावात विकायला ठेवली होती. मधोमध चौथऱ्यावर मशीन, जाळीसकट हिरवागार रंग मारलेलं. मागे भिंतभर बोर्ड. थोरलीनं चष्मा लावला.

'कामगारांच्या बोटांची काळजी वाहणाऱ्या आमच्या आजोबांनी प्रत्येक मशीनवर स्वखर्चानं संरक्षक जाळी बसवली. तीच माया आजही आमच्या प्रत्येक बटणात आहे.'

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. माया म्हणे!

या मशीनवर डाव्या हातानं बटणाची कोरी चकती सुयांखाली सरकवायची आणि पायानं पट्टी दाबायची. चार सुया खाली येतात. हातापेक्षा पाय लवकर पडला तर सुया चकती की बोट ते बघत नाहीत. धाकटीची दोन बोटं तिसऱ्याच वर्षी गेली. बायकांनी जाळी मागितली, तर याच आजोबांनी सांगितलं, जाळीनं हात मंदावतो. मग पंधरा जणींनी घरून बिस्किटांचे रिकामे डबे आणले, मागच्या गल्लीतल्या पत्रेवाल्याकडून कापून घेतले, कारखान्याच्याच सुयांनी त्यांना भोकं पाडली आणि जेवणाच्या सुट्टीत मशीनवर बसवले. अवजारांना हात लावायची परवानगी नव्हती, म्हणून स्क्रू नाण्यानं फिरवले. आजोबांनी जाळ्या काढायला लावल्या आणि मशीनशी छेडछाड केली म्हणून प्रत्येकीचा अर्धा दिवस कापला. बायकांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा लावल्या. असं नऊ वेळा झालं, तेव्हा कुठं म्हातारा थकला.

बोर्ड लिहिणारी मुलगी तिथंच उभी होती. "हे तुला कुणी सांगितलं?" थोरलीनं विचारलं.

"मालकांच्या घरच्या कागदांत आहे, आजी."

नातू लगबगीनं आला. "मावशी, आज नको ना. पुढच्या बोर्डात एक ओळ घालू. कामगारांनीही सहकार्य केलं, अशी."

"जाऊ दे गं," धाकटी कानाशी लागली. "चालून आलेलं काम आहे. कोण वाचतंय ते?"

थोरली स्टुलावर जाऊन बसली. पाहुणे भोवती जमले, मोबाईल वर झाले. नातवाच्या जिवात जीव आला.

तिनं बटव्यातून एक नाणं काढलं. डावीकडचा स्क्रू, मग उजवीकडचा. इतक्या वर्षांनीही बोटांना सांगावं लागलं नाही. जाळी सुटली तशी तिनं ती उलटी करून सगळ्यांसमोर धरली. रंगवणाऱ्यानं बाहेरूनच हात फिरवला होता, आतून कोण बघतंय? आत लाल टोपीतली अर्धी मुलगी हसत होती, आणि तिच्या हनुवटीखाली 'खुसखुशीत' असं लिहिलेलं होतं.

"ही तुमच्या घराण्यातली कोण?" थोरलीनं विचारलं.

लोक हसले. मग तिनं डब्यांपासून नवव्या खेपेपर्यंत सगळं सांगितलं, आवाज न चढवता, आणि कोणी हसेना. धाकटीच्या हाताबद्दल मात्र ती बोलली नाही. ते सांगायचा हक्क तिचा नव्हता.

"माझा हात बघा," धाकटी मागून म्हणाली. लोकांनी वळून बघितलं.

नातू थोरलीच्या कानाशी वाकला. "मावशी, पाया पडतो, जाळी परत लावा."

"मशीन तुमचं. जाळी आमची आहे." तिनं ती पिशवीत घातली.

"अहो, पण तिच्याशिवाय मशीन कसं दिसेल?"

"तुमच्या आजोबांनी आम्हाला दिलं होतं, तसं."

दोघी बाहेर आल्या. गाडी अर्थातच नव्हती. थोरली दोन पावलं चालली आणि थांबली. "रविवारचं काम गेलं," ती म्हणाली. "औषधांचं काय करायचं गं?"

"बघू," धाकटी म्हणाली. "ती पिशवी दे इकडे. मी धरते."