आईची उधारी

साबणाची वडी झिजून पापुद्र्यासारखी झाली होती आणि तिच्या मधोमध एक खळगा होता… आईच्या अंगठ्याचा. बेसिनच्या कडेवर वाळून तिला भेगा पडल्या होत्या. टाकून द्यायची म्हणून लेकीनं ती उचलली आणि तिचा स्वतःचा अंगठा त्या खळग्यात जाऊन बसला, अगदी बेतशीर, कुणी माप घेऊन ठेवल्यासारखा… तिनं वडी खाली ठेवली. कचऱ्याच्या पिशवीत नाही, परत बेसिनच्या कडेवरच. मग स्वतःवरच चिडली. अशानं आई गेल्यावर मागे राहिलेल्या या दोन खोल्या संध्याकाळपर्यंत रिकाम्या व्हायच्या नाहीत.

संध्याकाळी किल्ल्या द्यायच्या होत्या. घरमालक सकाळीच येऊन गेले होते. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि ‘घाई नाही हो’ असं इतक्या वेळा म्हणाले, की त्यांना घाई आहे हे तिला कळलं.

“फक्त ते भाड्याचं तेवढं… अनामत रकमेतून वळतं केलं तरी थोडं उरतंच.”

“भाडं थकलंय?”

“म्हणजे, तुम्हाला बोलल्या नाहीत?” त्यांनी नजर जिन्याकडे वळवली. “दर महिन्याला स्वतः यायच्या सांगायला. या खेपेला जमणार नाही म्हणायच्या आणि मग आमच्या हिच्याशी तास-तास गप्पा मारत बसायच्या. अशा बाईला काय बोलणार तुम्हीच सांगा.”

कालच तर ती बँकेत जाऊन आली होती. खिडकीतल्या बाईंनी संगणकाचा पडदा तिच्याकडे फिरवून दाखवला होता — तिनं इतकी वर्षं दर महिन्याला न चुकता पाठवलेले पैसे जसेच्या तसे पडून होते. एका रुपयालाही हात लागलेला नव्हता. तेव्हा तिला किती बरं वाटलं होतं! म्हणजे भागत होतं आईचं, चणचण नव्हती… आणि आज हे. भाडं थकलेलं, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचं थकलेलं, खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकूंकडून हातउसने घेतलेले. पैसे उशाशी घेऊन ही बाई सगळ्या गल्लीचं देणं लागत होती.

दादाला फोन केला तर तो म्हणाला, “देऊन टाक सगळ्यांचं आणि मोकळी हो. म्हातारपणी माणसं विसरतात गं.”

विसरतात! आई आणि विसरणार? जिला वडिलांच्या घेणेकऱ्यांची पावलं जिन्यावर ओळखू यायची, कोण चपला घासत येतो, कोण मधल्या वळणावर दम खातो…

पलंगाखालची पेटी बाहेर ओढायला ती वाकली आणि दार वाजलं.

टक टक… आणि थोड्या वेळानं आणखी एकदा, हलकेच.

ती तशीच थांबली. वाकलेली, एक हात पेटीच्या कडीत. कडी वाजेल म्हणून तिनं बोटंसुद्धा सोडवली नाहीत. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता आणि तो बंद करायला हवा होता — आई नेहमी आधी नळ बंद करायची, मग तिला आणि दादाला भिंतीशी ओढून घ्यायची, एकेक तळहात एकेकाच्या तोंडावर. कांद्याच्या वासाचा तळहात. वडील गेल्यावर त्यांच्या घेणेकऱ्यांची माणसं अशीच यायची, दार ठोठावायची, नावानं हाका मारायची, आणि आतमध्ये तिघं जणं आपण या घरात नाहीच अशी बसायची. दादाला एकदा शिंक आली होती. दाराबाहेरचा माणूस गप्प झाला होता, आतले गप्प होतेच, आणि मधल्या त्या पातळ फळीच्या दोन्ही बाजूंना किती तरी वेळ सगळ्यांना सगळं ठाऊक होतं…

पण मी कशाला लपतेय? पर्समध्ये पैसे आहेत. कालच बँकेतून काढून आणलेत, आता ज्याचं त्याला देऊनच तर टाकायचंय. उठावं, कडी काढावी, या म्हणावं. इतकं सोपं.

ती उठली नाही. दाराबाहेर कुणीतरी श्वास घेत होतं. मग पावलं वळली, सावकाश जिना उतरून गेली. त्यानंतरही ती श्वास धरूनच होती आणि तो सोडला तेव्हा तिला वाटलं, तो आपल्याबरोबर आणखी कुणीतरी सोडला. शेजारी, भिंतीशी. तिनं वळून पाहिलं. भिंतीवर आईच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता. खुर्ची तिथं असायची, दाराकडे तोंड करून. खिडकीकडे नाही… दाराकडे. हे आजपर्यंत तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

ती काम करते त्या चष्म्याच्या दुकानात दिवसभर ती लोकांच्या डोळ्यांपुढे काचा पालटत असते आणि विचारत असते, आता नीट दिसतंय की मघाशी? बहुतेकांना सांगता येत नाही. पुन्हा दाखवा म्हणतात.

दुपारी ती औषधवाल्याकडे गेली. जाड भिंगांचा चष्मा लावलेला, हळू बोलणारा माणूस. तिनं कोण ते सांगितल्यावर तो गल्ल्यामागून बाहेरच आला.

“एक विचारू का, ताई? त्यांना खरंच अडचण होती का हो?”

“का?”

“नाही, म्हणजे… नोट हातात असायची त्यांच्या. मला दिसायची ना. तरी म्हणायच्या, खात्यावर मांडून ठेवा. मग मीच रात्री दुकान वाढवल्यावर वर जाऊन यायचो. मागायला म्हणून जायचो आणि मागायचं राहूनच जायचं. त्या म्हणायच्या, आलायत तर बसा. कधी मी ब्लडप्रेशर बघायचो.” तो ओशाळं हसला. “घरी बायको म्हणायची, वसुली छान चाललीये तुमची.”

तिनं पैसे दिले. त्यानं ते न मोजता गल्ल्यात टाकले आणि म्हणाला, “झालं, मिटलं.” तेवढंच. पण त्या शब्दानं तिच्या आत काहीतरी दचकलं, आपण एका माणसाला आईच्या दारातून कायमचं उठवून लावल्यासारखं.

म्हणजे असं होतं तर… की असं नव्हतंच? परतताना ती स्वतःशीच भांडत राहिली. माणसं यावीत म्हणून देणं ठेवलं, हे ऐकायला गोड आहे. पण मग माझ्या पैशांना हात का नाही लावला? दर महिन्याला मी फोन करायचे. मिळाले? मिळाले. बरी आहेस? बरी आहे. आणि मग ठेव आता, म्हणायची तीच, माझा वेळ मोडायला नको म्हणून. की माझे पैसे आले म्हणजे माझं काम झालं, म्हणून? मी वेळेवर देत होते. माझ्याकडे मागायला काही उरतच नव्हतं. माझं देणं कधी थकलंच नाही…

काकूंचं दार उघडंच होतं. शिलाई मशीनवर वाकलेल्या काकू तिला बघून थांबल्या, पण पाय मशीनच्या पायट्यावरच राहिला.

“सकाळी आले होते वर,” त्या म्हणाल्या.

“मी… बाहेर गेले होते.”

“हो का?” काकूंनी तिच्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, थोडं हसू होतं. “नळाचा आवाज येत होता. म्हटलं, वाहत राहिलाय की काय. बस ना.”

ती बसली. आजूबाजूला चिंध्या, अर्धवट झगे, भिंतीला टेकवलेला आरसा. काकू कॉलर उसवत बसल्या. आईबद्दल त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. गिऱ्हाइकांची उंची वाढते आणि मापं जुनीच देतात, याबद्दल बोलल्या. ती ऐकत राहिली. बोलता बोलता काकूंनी न विचारता चहा पुढं केला आणि तिनं न विचारता घेतला. मग ती उठली. पर्स उघडली. नोटा वरच होत्या, वेगळ्या घडी करून ठेवलेल्या.

“काकू, ते आईनं घेतलेले…”

“हं.”

“आत्ता नाहीयेत माझ्याजवळ. पुढच्या आठवड्यात आणून देते.”

पर्स उघडी होती. काकूंना नोटा दिसल्या असणार. त्यांनी दातानं दोरा तोडला.

“ये ना. मी कुठं जातेय?”

ती रस्त्यावर आली तेव्हा तिच्या कानांत तो स्वतःचाच आवाज अजून होता. आपण असं बोलत नाही. आपण इतक्या सहज खोटं बोलत नाही, शब्दाच्या शेवटाला आईसारखं इतकं ओढून बोलत नाही. ती भराभर चालू लागली, मग हळू झाली. कुणीतरी आपली वाट पाहणार होतं. पैशासाठी का होईना… किती वर्षांत अशी वाट कुणी पाहिली नव्हती. छातीत ऊब आल्यासारखं झालं, आणि त्या उबेच्या मागोमाग एक थंड, बारीक भीती — आपण आलो नाही तर काकू काय करतील, याची नाही. त्या मागायला आपल्या घरी आल्याच नाहीत तर, याची.