मनकर्णाचा शेवटचा भाग

अश्विनीचा आवाज अख्ख्या पांढुर्ण्याला पाठ होता आणि तिथंच सगळी पंचाईत होती.

सतरा वर्षांची होती तेव्हापासून बापाच्या साउंड सर्व्हिसमध्ये बसून ती ऑटोवर वाजवायच्या जाहिराती बोलायची. साड्यांचा सेल, सर्कस, दातांचा डॉक्टर, पोलिओचा डोस, सगळं तिच्याच गळ्यातून. गोटमारीच्या, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून दोन गावं एकमेकांवर दगड फेकतात त्या दिवशी जाम नदीच्या काठावरून 'लहान लेकरं घेऊन पुढं येऊ नका' हे ओरडून सांगायलाही तीच. पलीकडच्या सावरगावला खणखणीत ऐकू जायचं. तेव्हा लोक तिला पोरगा समजत आणि दुसऱ्याच नावानं हाक मारत. ते नाव मी सांगणार नाही. ज्यांना हवं होतं त्यांनी ते पुढं पोटभर वापरून घेतलं, आपल्याला काय करायचं?

चोविसाव्या वर्षी तिनं घर सोडलं. म्हणजे दादाजींनी, तिच्या बापानं, सोडायला लावलं. स्टेशनजवळ तिनं एक खोली घेतली आणि खाली ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान टाकलं. कागदोपत्री नाव अश्विनी करून घेतलं, पण गावात ते कोणी घेईल तर शपथ. लोक मुद्दाम जुन्या नावानं बोलवायचे, काम करून घ्यायचे आणि पायरी उतरली की खिदळायचे. तिला सवय झाली होती. सवय झाली म्हणजे दुखत नव्हतं असं कोणी समजू नये.

अश्विनी हे नाव चालायचं ते एकाच ठिकाणी. 'ओसरी' नावाचं मराठी गोष्टींचं एक अ‍ॅप आहे, त्यावर सौंसर-पांढुर्ण्याच्या लिहिणाऱ्यांचा गट होता. साठ-सत्तर जण असतील. मास्तर, दुकानदार, पटवारी, कॉलेजच्या पोरी. तिथं ती सगळ्यांची 'अश्विनीताई' होती. तिची 'मनकर्णा' ही मालिका एकेचाळीस भाग चालली आणि लोक वेडे झाले नुसते. मनकर्णा म्हणजे संत्र्याच्या पेट्या भरणारी बाई. नवऱ्यानं दुसरी घरात आणली तशी ही उठली, सोबतच्या अकरा बाया घेतल्या आणि मंडीत स्वतःची टोळी उभी केली. आता बेचाळिसाव्या आणि शेवटच्या भागात नवरा तिला न्यायला येणार होता. ही जाते की नाही, यावर सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

सगळ्यात जास्त सुधाचा. सुधा सौंसरची, बोरगावच्या शाळेत शिक्षिका, पन्नाशीला आलेली. गटाची दर रविवारी चार वाजता फोनवरच बैठक भरायची आणि आपला भाग ज्यानं त्यानं वाचायचा असा रिवाज होता. अश्विनी घशाचं दुखणं सांगून टाळायची, मग तिचे भाग सुधा वाचायची आणि वाचता वाचता रडायची. बैठक संपली की एकटीला निरोप रेकॉर्ड करून पाठवायची, "काय वो अश्विनी, तुले कसं समजते हे सारं? माह्या मनातलं चोरून राहिली तू." दोन वर्षांत सुधानं तिला काय सांगितलं नव्हतं! गर्भपिशवी काढली तेव्हा नवरा दवाखान्यात एकदाही फिरकला नाही, ते. त्या नवऱ्याची, श्रीकांतची, नागपूरची बाई. सख्ख्या बहिणीला कळू दिलं नाही ते सारं. अश्विनी सगळं ऐकायची आणि टाइप करून उत्तर द्यायची.

शेवटचा भाग मात्र लेखकानं स्वतःच वाचायचा, तिथं दुखणंबिखणं चालत नसे. गटाचे प्रमुख श्रीधर सर, सौंसरचे निवृत्त ग्रंथपाल, त्यांनी लाडानं लिहिलं, 'ताई, बेचाळिसावा भाग तुमच्याच तोंडून.' काहीतरी निमित्त काढता आलं असतं. पण खरं सांगू? तिलाच वाचायचा होता. दोन वर्षं दार लावून ती आवाजाचा सराव करत होती. आवाज वर नेला होता, मऊ केला होता. आता जमलं, असं तिला वाटत होतं. आणि मनकर्णाचा शेवट दुसऱ्याच्या तोंडी द्यायला मन होईना.

त्या रविवारी तिनं छान वाचलं हो. पंधरा मिनिटं कोणाला काही कळलं नाही. सुधानं मधेच लिहिलं, 'किती गोड आवाज आहे, अन् लपवून ठेवला होता.' ते वाचून अश्विनीला इतका आनंद झाला की ती सावधपणा विसरली. पुढं मनकर्णा मंडीत पेट्यांच्या ढिगावर उभी राहून स्वतः लिलाव पुकारते असा प्रसंग होता. बाईनं लिलाव पुकारायची ती मंडीतली पहिलीच वेळ, नवरा समोर उभा. अश्विनीनं श्वास घेतला आणि पुकारलं. मऊपणा गेला, सराव गेला. छातीतून, भोंग्यावर पुकारायची तशी, शेवटचं अक्षर लांबवत तिनं पुकारलं. तिला ते कळलंसुद्धा नाही. ती त्या वेळी मंडीत होती.

पांढुर्ण्याच्या चेतनला मात्र कळलं. चेतनचं साड्यांचं दुकान, आणि वर त्याला भयकथा लिहायचा नाद. त्या कोणी वाचत नाही म्हणून तो आधीच जळफळत होता. त्याच्या दुकानाच्या ऑटोवर अजूनही तीच जुनी रेकॉर्डिंग वाजायची. 'अरे थांबा थांबा, हा तर आमचा भोंगा आहे!' त्यानं लिहिलं. मागोमाग ती रेकॉर्डिंगच गटावर टाकली. 'या हो या, पांढुर्ण्याच्या माय-बहिणींनो!' खाली तिचं जुनं नाव, बापाचं नाव, दुकानाचा पत्ता.

मग जे सुरू झालं ते काय सांगावं. चांगली शिकलेलीसवरलेली माणसं. 'बाईचं सोंग घेऊन बायकांत बसला.' 'दोन वर्षं फसवलं आपल्याला.' 'आमच्या लेकीबाळी आहेत गटात.' वाचन संपलं की हाताच्या टाळ्यांची चित्रं टाकायची पद्धत होती. आज वाचन चालू असतानाच टाळ्या पडायला लागल्या, पडद्यावर टाळ्याच टाळ्या, आणि त्या कशासाठी होत्या हे न कळायला ती काही दूधखुळी नव्हती. तिच्या तोंडचं पाणी पळालं. तरी ती वाचत राहिली. मनकर्णा ढिगावरून उतरली, नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली, तिनं तोंड उघडलं, आणि श्रीधर सरांनी माइक बंद केला. 'शिस्तीच्या कारणास्तव.' अरे, कसली शिस्त? सत्तर जणांनी एकीवर तुटून पडायचं आणि तोंड तिचंच बंद करायचं?

दोन दिवसांत हात वर करून मतदान झालं. अश्विनीला गटातून काढलं. तिच्या बाजूनं तीन हात आले आणि त्यात सुधाचा नव्हता.

तिनं सुधाला लिहिलं, 'एकदा बोलशील?' चार दिवसांनी रेकॉर्ड केलेलं उत्तर आलं. आवाज थरथरत होता, पण मायेनं नव्हे. "मी तुले माह्या पोटाचं ऑपरेशन सांगतलं. माह्या नवऱ्याचं सांगतलं. बाई समजून सांगतलं. अन् तू कोन होता आयकून घेनारा? मले आंगावर पाल पडल्यावानी होऊन राहिलं." अश्विनीनं ते एकदाच ऐकलं. 'होता' म्हणाली. सुधा म्हणाली. गावानं दिवसभर म्हटलं ते तिनं झेललं होतं, पण हे तिच्या जिव्हारी लागलं. रडून झाल्यावर तिला राग आला. कोण होता म्हणे! तुझं दुसरं कोण ऐकत होतं गं दोन वर्षं?

आता ओसरीचा एक नियम होता. मालिका अर्धवट राहिली आणि लेखक निघून गेला, तर ती गटातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी हवाली करायची, वाचणाऱ्यांना लटकत ठेवायचं नाही. मागं एका पोरीनं लग्न ठरल्यावर लिहिणं सोडलं होतं तेव्हा हा नियम झाला होता, अश्विनीनंही हात वर केला होता. आता गटानं मनकर्णा हवाली केली, ती सुधाच्या. आणि सुधानं घेतली.

महिन्याभरात सुधाचा बेचाळिसावा भाग आला. अश्विनीनं दुकानात, फॉर्म भरायला आलेल्या माणसाला थांबवून तो वाचला. मनकर्णा नवऱ्याच्या पाया पडते. टोळी मोडते. 'बाईची जागा शेवटी तिच्या घरातच,' असं म्हणून बैलगाडीत बसते आणि घरी जाते. खाली दोनशेवर लोकांनी वाहवा केली होती. 'अखेर खऱ्या स्त्रीच्या लेखणीतून खरा शेवट.' ही चेतनची.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्याला काढलं, नावं ठेवली, टाळ्या वाजवल्या, ते ठीक. म्हणजे ठीक नव्हतंच, पण ते आपल्यापुरतं होतं. मनकर्णानं यांचं काय घोडं मारलं होतं? त्या माणसाला उद्या ये म्हणून तिनं शटर ओढलं आणि सौंसरची बस पकडली.

सुधाचं घर बाजाराच्या मागं. सुधा अंगणात सूप घेऊन तूर पाखडत होती. फाटकातून आत आलेल्या बाईला तिनं आधी ओळखलं नाही; ओळखणार कशी, कधी पाहिलंच नव्हतं. "सुधाताई," अश्विनी म्हणाली. आवाज ऐकताच सुधाचा चेहरा पांढराफटक पडला.

"इथं कायले आली?... आला?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "जाय इथून. ते घरात हायेत."

"जायाले आली नाई मी. मनकर्णाले घरी काहून धाडलं, तेवढं सांग."

तेवढ्यात आतून आवाज आला, "कोन हाय वो?"

सुधानं एकदा घराकडं पाहिलं, एकदा अश्विनीकडं. मग मोठ्यानं म्हणाली, "काई नाई, टाळीवाले आले पैसे मांगाले."

टाळी वाजवून पोट भरणाऱ्यांचा अश्विनीला कधी कमीपणा वाटला नव्हता. पण सुधानं, जिनं दोन वर्षं तिला बहीण म्हटलं तिनं, नवऱ्याला कळू नये म्हणून आपल्याला दारचं मागतं करून टाकावं? तिचे कान तापले. आणि श्रीकांत बाहेर आलाच. पांढरी बनियन, बोटात अंगठ्या, हातात दहाची नोट. हा तो माणूस. याच्या नागपूरच्या बाईचं नाव अश्विनीला ठाऊक होतं, तिच्या पोराची शाळा ठाऊक होती. एक वाक्य, बस एकच वाक्य, की सुधाचं अब्रूदार घर भर दुपारी अंगणात येऊन पडलं असतं. अश्विनीच्या जिभेवर ते वाक्य आलं होतं, खोटं कशाला बोला.

श्रीकांतनं नोट पुढं केली आणि भक्तिभावानं मान वाकवली. "आशीर्वाद द्या," तो म्हणाला. "शनवारीच जामसांवलीच्या मारुतीले जाऊन आलो, आता तुमचाबी होऊन जाऊ द्या."

अश्विनीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "घरची बाई दवाखान्यात असली तं भेटाले जात जाय," ती म्हणाली.

तो हसला, काय बोलली ते त्याच्या डोक्यात शिरलंच नाही, आणि आत निघून गेला. अश्विनीनं ती नोट सुधाच्या सुपात टाकली.

सुधानं नोट तुरीखाली दाबली. मग हळू आवाजात म्हणाली, "मले तिले घरी धाडाचं नोतं. माय शप्पथ. पन माह्या नावानं छापून आलं तं हे बी वाचतात. ह्यायचा भाऊ वाचते. अख्खी शाळा वाचते."

"म्हणून तिले पाया पाडलं?"

"तुले काय जाते बोलाले? तुले कोनाच्या घरात राहाचं हाय?" सुधा फणकारली. "तू आमच्यातली नाईस. नाई म्हंजे नाईस. मी काई माफी मांगनार नाई."

"मागू नको. मले नाई पाहिजे."

अश्विनी वळली. फाटकाची कडी काढून रस्त्यावर आली. मागून चपलांचा आवाज आला. सुधा फाटकापर्यंत पळत आली होती, पदर सावरत, घराकडं चोरून बघत.

"आयक ना," ती म्हणाली. "माइक बंद झाला तवा मनकर्णानं तोंड उघडलं होतं. नवरा समोर उभा होता. ती काय म्हनते त्याले?"

अश्विनीनं पाऊल पुढं टाकलं.

"सांगून दे वो. मी कोनाले नाई सांगत. मी लय इचार केला, ती काय म्हनली असन. मले सुचतच नाई." सुधानं फाटकाची कडी धरली. "अश्विनी, माय, सांग ना. मले पाहिजे ते."

नाव घेतलं होतं. महिनाभरात पहिल्यांदा, आणि अगदी पूर्वीसारखं. अश्विनीची पावलं थांबली, वाटलं, सांगून टाकावं. चारच तर शब्द होते. मग तिनं त्या बाईकडं नीट पाहिलं. नाव घेतलं तेही दबक्या आवाजात, एक डोळा घराकडं ठेवून.

"नाई सांगत," ती म्हणाली, आणि बसस्टँडकडं चालू लागली.