बुजवलेलं दार

वैजनाथ खोसे सरांना ओळखत नाही असा माणूस शोधायचा, तर नगर शहराबाहेरच जावं लागेल. चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर इतर मंडळी बागेतल्या बाकावर बसून देशाचं राजकारण मार्गी लावतात, तसं न करता सरांनी शहरातल्या इमारतींना हात घातला. दर रविवारी सकाळी हौशी माणसं गोळा करायची, भुईकोट किल्ल्यापासून निघायचं, वाटेतल्या इमारतींचा इतिहास सांगायचा आणि वर वास्तुशास्त्राची फोडणी द्यायची. कुठला महाल कशामुळे ओस पडला, कुठल्या पेठेतलं दुकान कोपऱ्यातल्या खांबामुळे बुडालं, हे सर अशा थाटात सांगत, की त्या खांबालाही खरं वाटावं. अलीकडे त्यात चिनी फेंगशुईची भर पडली होती. पिशवीत तीन पायांचा बेडूक आणि वाऱ्यावर वाजणाऱ्या नळ्या असत. लोक घरी बोलवत, सर फोनमधलं होकायंत्र धरून घरभर फिरत आणि मग गंभीर होत. गंभीर होण्यात त्यांचा हातखंडा होता.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. आयुष्यभर त्यांच्या तासाला पोरांनी गणिताचे गृहपाठ उरकले होते. आता मोठमोठी माणसं कान देऊन ऐकत होती, आणि त्याची चटक लागायला फार दिवस लागत नाहीत.

त्या रविवारी मंडळी दमडी मशिदीपाशी पोचली. मजुरांच्या एकेका दमडीतून ही मशीद उभी राहिली असं म्हणतात, ते सरांनी रंगवून सांगितलं, दगडातली नक्षी दाखवली आणि सवयीने फोन काढला. समोरच्या भिंतीकडे धरून म्हणाले, "आता बघा, ही भिंत आहे उत्तरेला."

"सर, मशिदीची ही भिंत मक्केकडे, म्हणजे पश्चिमेला असते ना?" पंकजाने विचारलं. भिंगारला बँकेत नोकरी करणारी ही मुलगी एकही रविवार चुकवत नसे. तिने अगदी भोळेपणाने विचारलं होतं.

सरांनी काट्याकडे पाहिलं. काटा उत्तर म्हणत होता. पाठीवर सकाळचं ऊन चांगलं तापत होतं, म्हणजे मागे पूर्व आणि पुढे पश्चिम, हे चौथीतल्या पोरालाही कळलं असतं. सरांनाही कळलं. पण सगळे तोंडाकडे बघत होते, एकजण व्हिडिओ काढत होता, आणि तोंडातून भलतंच निघून गेलं.

"असायला पाहिजे पश्चिमेला. पण कारागिरांची चूक झाली. त्या काळी एवढी अचूक यंत्रं कुठे होती?"

लोकांनी माना डोलावल्या. पंकजाने स्वतःचा फोन काढला, क्षणभर बघितलं, सरांकडे बघितलं आणि फोन पर्समध्ये ठेवून दिला.  तिने आपल्याला सांभाळून घेतलं, हे सरांच्या लक्षात आलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या. साडेचारशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांवर आपण आपली चूक ढकलली, आणि त्यांच्याच दारात उभं राहून. पुढे फराहबागेपर्यंत जायचं होतं, पण सरांनी डोकं दुखतंय म्हणून फेरी तिथेच मोडली.

घरी आल्यावर त्यांनी फोन टेबलावर ठेवला. काटा पूर्वेला दक्षिण म्हणत होता. मग सहज म्हणून फोनचं पाकीट काढलं. झाकण टच्कन मिटावं म्हणून त्या पाकिटाला लोहचुंबक होतं. पाकीट दूर होताच काटा गर्रकन फिरला आणि जागेवर आला. सर बराच वेळ ते पाकीट जवळ नेत होते, लांब नेत होते.

"तुझ्या या कव्हरनं घात केला," ते बायकोला म्हणाले. धनश्रीबाईंनी ते अक्षय्य तृतीयेला हौसेने घेतलं होतं.

"कव्हर मी आणलं," धनश्रीबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "पण लोकांची दारं बुजवा, असं काही कव्हर म्हणालं नव्हतं."

सरांनी पाकीट खाली ठेवलं. कारण दार खरंच बुजवलं होतं. बाकीच्या घरांत त्यांनी पलंग फिरवले होते, आरसे काढले होते, बेडूक बसवले होते. त्याने कुणाचं फारसं बिघडलं नसेल. पण सोनईचं घर वेगळं होतं.

श्रावणात बिभीषण नावाच्या शेतकऱ्याने त्यांना सोनईला नेलं होतं. त्याची बायको रेश्मा दोनदा गरोदर राहिली होती आणि दोन्ही वेळा दिवस भरायच्या आत सगळं संपलं होतं. आभाळ भरून आलेलं होतं. बिभीषणची आई केशरबाई दारातच बसली होती; सासऱ्याशी भांडून आपण हे दार कसं उगवतीला काढून घेतलं, ते तिने पाहुण्याला कौतुकाने सांगितलं. सरांनी फोन धरला आणि गंभीर झाले. "दार दक्षिणेला आहे. यमाची दिशा. या दारातून घरात आलेलं टिकत नाही."

"पन सकाळचं ऊन तर दारातनंच येतं की," केशरबाई म्हणाली होती.

"ते दक्षिणायनामुळे, आजी."

 दक्षिणायनापुढे म्हातारी काय बोलणार? शेजारच्या शिंगणापुरात घरांना दारंच लावत नाहीत, आणि इथे सरांनी असलेलं दार विटांनी बुजवायला लावलं. आता ते आठवून सरांना स्वतःची किळस आली. सूर्य रोज फुकटात दिशा दाखवतो, म्हणून त्याला कुणी विचारत नाही. आपण तर त्याला खोटा पाडून आलो. त्या रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर एसटीने घोडेगावला उतरले आणि तिथून काळीपिवळीने सोनईला गेले. वाटेत त्यांनी वाक्यं जुळवून ठेवली होती. सांगायचं, माफी मागायची, भिंत पाडून द्यायचा खर्च आपण करायचा. उद्या नगरभर बोभाटा झाला तरी चालेल, पण त्या म्हातारीला तिचं दार परत द्यायचं.

घराची पुढची बाजू सपाट गिलावा करून निळी रंगवली होती. आत जायला आता मागून, गोठ्यातून वाट होती. बिभीषण रानात गेला होता. मागच्या खोलीत भरदिवसा बल्ब लागलेला, आणि त्याखाली बाजेवर केशरबाई बसली होती. सरांना बघून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हात जोडले.

"तुमचे लई उपकार झाले, सर. हिला सातवा लागला."

रेश्मा चहा घेऊन आली. पोट चांगलं दिसत होतं, चेहऱ्यावर तेज होतं. एक हात पोटावर ठेवूनच ती समोर पाटावर टेकली.

"म्याच हट्ट केल्ता त्या दाराचा," केशरबाई म्हणाली. रोज म्हणून म्हणून शब्द गुळगुळीत झाल्यासारखं ती बोलत होती. "माज्या हट्टापायी हिची दोन लेकरं गेली. माजंच पाप."

"रोज असंच म्हनत्यात," रेश्मा म्हणाली. "मी म्हनते, आत्या, झालं ते झालं. तुमाला तरी काय म्हाईत हुतं."

सरांना वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. म्हातारीच्या हातून दार गेलं, ऊन गेलं, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलणं गेलं, एवढंच आपण धरून चाललो होतो. तिच्या डोक्यावर आपण दोन जीव ठेवून गेलो होतो, याची त्यांना कल्पनाच नव्हती. जुळवलेली वाक्यं विसरली. त्यांनी सरळ सांगून टाकलं, की यंत्र बिघडलेलं होतं, दार दक्षिणेला नव्हतंच, आपण मूर्खासारखं बोललो.

"म्हंजी उगवतीलाच हुतं?"

"उगवतीलाच, आजी. तुमचंच खरं होतं. त्या दारात काहीही वाईट नव्हतं."

केशरबाईच्या तोंडावरच्या सुरकुत्या हलल्या. ती हसतेय की रडतेय, ते कळेना. "म्या म्हनलं न्हवतं?" ती म्हणाली. "म्या म्हनलं हुतं की ऊन येतं." पदराचा बोळा करून तिने डोळ्यांना लावला. सरांना कालपासून पहिल्यांदा छाती मोकळी झाल्यासारखं वाटलं. केवढं सोपं होतं हे.

"मंग सर," रेश्मा म्हणाली, "दाराचं न्हवतं, तर कशाचं हुतं?"

तिने सावकाश विचारलं होतं. सर म्हणाले, "कशाचंच नाही, ताई. असं होतं कधी कधी. डॉक्टरांनीही हेच सांगितलं असेल."

"डॉक्टर म्हनले, कारन सापडत न्हाई." ती जमिनीकडे बघत राहिली. "म्हंजी मग माज्यातच काहीतरी हाय. आन् आता बी..." तिचा पोटावरचा हात खाली आला, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावताना कुणी बघितल्यावर यावा तसा.

 दर रविवारी प्रत्येक दगडाचं कारण सांगणारे सर चहाचा कप बशीत फिरवत राहिले.

केशरबाईने सुनेचा तो हात बघितला. पदर डोळ्यांवरून काढला. मघाशी उजळलेलं तोंड तिने पुन्हा आवरून घेतलं, आणि बाजेवरून उठून ती सरांसमोर उभी राहिली.

"यंत्र बिघडलं आसंल तुमचं," ती म्हणाली, "पन दार वाईटच हुतं. म्या येवढी वर्सं ऱ्हायले ह्या घरात, मला म्हाईत हाय. सांगा हिला, सर."

"आजी, पण..."

"सांगा."

ती त्यांच्याकडे बघत होती. आयुष्यभर चेहरे काढलेल्या चित्रकलेच्या शिक्षकाला आणखी समजावून सांगायची गरज नव्हती.

सरांनी घसा साफ केला. "हो," ते म्हणाले, "दिशा चुकली माझी. पण दाराचा दोष होताच. दारच वाईट होतं."

आवाज भरदार निघाला. रेश्माने वर बघितलं आणि तिचा लगेच विश्वास बसला. ते बघवेना म्हणून सरांनी कपात बघितलं.

"म्हंजी भित ऱ्हाऊ द्यायची ना?"

"राहू द्या."

रेश्मा हुश्श करून उठली, हात पुन्हा पोटावर गेला होता. ती चूल बघायला गेली. केशरबाई सरांना गोठ्यापर्यंत पोचवायला आली. एका म्हशीला तिने हाताने बाजूला सारलं आणि हळू आवाजात म्हणाली, "बाळंत झाली म्हंजी पाडू भित. तवर माज्यावरच ऱ्हाऊ द्या."

सरांना वाटलं, इथेच शेणात वाकून तिच्या पाया पडावं. पण तेवढीही आपली लायकी नाही असं वाटून ते तसेच बाहेर पडले.