चावी न फिरवलेला कॅमेरा

आमच्या सान पो काँग वस्तीतल्या कारखान्यात प्लास्टिकचे कॅमेरे बनायचे आणि खोक्यांतून परदेशी जायचे. लाय-कुएन आणि मी शेजारी बसून खटका तपासायचो. कॅमेरा टेबलावर टेकवायचा, खटका दाबायचा, टक् झालं की पुढचा. फिल्म आम्ही कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. बनवायचे आम्ही आणि फोटो काढायचे सातासमुद्रापलीकडच्यांनी! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

लाय-कुएनची आई छातीच्या दुखण्यानं खंगत चालली होती. तीही घरी बसून आमच्याच कारखान्याच्या खटक्यांत स्प्रिंगा बसवायची. आपल्यामागे देव्हाऱ्यात कोणता फोटो लावणार, ही तिची काळजी. ओळखपत्रावरचा तिला मुळीच नको होता.

"तो पोलिसांना दाखवायचा चेहरा," ती म्हणायची. "त्याच्यापुढे नातवंडांनी उदबत्ती लावायची?"

म्हणून लाय-कुएननं मुकादमाकडून एक ओरखडा पडलेला, नापास कॅमेरा मागून आणला. फोटोच्या दुकानात फिल्म भरून घेतली. रविवारी आईला खिडकीशी बसवून कॅमेरा समोरच्या स्टुलावर टेकवला.

"आई, हातातलं ठेव ना आता."

"रिकाम्या हातांनी बसायला मी काय मुकादम आहे? तू काढ." चिमटीतली स्प्रिंग तशीच राहिली.

"बरं, हस तरी."

"दात कुठायत हसायला?" मग माझ्याकडे वळून, "आ-सिन, तू कशाला दात काढतेस गं?"

टक्. टक्. टक्. म्हातारी मध्येच विचारायची, "झालं का?"

त्याच आठवड्यात ती गेली.

अंत्यविधीच्या आदल्या दिवशी दुकानदारानं आमच्या हातात एकच फोटो ठेवला. "दर फोटोनंतर चावी फिरवून फिल्म पुढे सरकवायची असते, बाई. सगळे एकावर एक चढलेत."

आम्हाला हे ठाऊकच नव्हतं. चावी तपासायचं काम पलीकडच्या टेबलाचं होतं.

चेहऱ्याचा नुसता धूर झाला होता. मांडीवरचे हात मात्र स्वच्छ आले होते, चिमटीतल्या स्प्रिंगेसकट.

"चेहराच नाही, तर नमस्कार कोणाला करायचा?" लाय-कुएनचे मामा कडाडले. "ओळखपत्रावरचा मोठा करून आणा."

"तो नको म्हणाली होती ती," लाय-कुएन म्हणाली आणि हातांचाच फोटो लावला. मला रडू आवरेना.

सोमवारी आम्ही पुन्हा टेबलाशी बसलो. पहिलाच कॅमेरा टेकवून तिनं खटका दाबला आणि थांबली.

"आ-सिन, ही स्प्रिंग आईनं बसवलेली असेल का गं?"

त्या दिवशी तिनं एकही कॅमेरा नापास केला नाही.