मशीनवरचा हिरवा पुडा

आहोंगने स्टुलावर चढून सर्व्हरच्या कपाटावरचा हिरवा पुडा उचलला, उलटा करून मागची तारीख वाचली आणि पुन्हा होता तिथे, दर्शनी बाजू पुढे करून, ठेवून दिला.

"मुदत संपायला अजून दोन महिने आहेत," तो खाली उतरत म्हणाला. "म्हणजे आपल्या मशीनचा दोष नाही. झालं, मिटलं प्रकरण."

सगळे हसले. जिंगरू हसली नाही. तिने मान वर करून त्या पुड्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा स्क्रीनमध्ये डोकं घातलं.

पुड्यात नारळाच्या चवीचा, मक्याचा कुरकुरीत खाऊ होता. वर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं, शहाण्यासारखं वाग. जियायी शहरातच कशाला, अख्ख्या तैवानात मशीन तिथे हा पुडा असायचाच. तो हिरवाच लागतो, शिळा चालत नाही आणि मशीनच्या नावाने ठेवलेला पुडा कुणी फोडून खात नाही. हसण्यावारी नेतात सगळे, पण नियम मोडायची छाती कुणाची होत नाही. गेल्या वर्षी दुकानात हिरवा मिळाला नाही म्हणून एका नव्या मुलीने लाल पुडा आणून ठेवला होता. लाल म्हणजे मशीनला बिघडायची मोकळीक. फान सरांनी तिला चारचौघांत असं झापलं, की ती बिचारी कित्येक दिवस त्या कपाटाच्या वाटेला गेली नाही.

फान सर या सॉफ्टवेअर कंपनीचे मालक. स्कूटर दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांनी कंपनी सुरू केली आणि पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते व्हीलचेअरवरच्या माणसांना डायलिसिसला नेणाऱ्या बसगाड्या चालवणारी एक संस्था. कोणाला कुठल्या बसमध्ये जागा द्यायची, याची नोंद ठेवणारा प्रोग्राम सरांनी स्वतः लिहिला होता. 'नऊ वर्षांत एकही एरर नाही' हे वाक्य त्यांनी व्हिजिटिंग कार्डावर छापून घेतलं होतं आणि ते उघड अभिमानाने मिरवत.

आता त्या संस्थेच्या बसने जाणारा एक म्हातारा, लू आजोबा, गल्लीच्या तोंडाशी व्हीलचेअरवर बसची वाट बघत बसला आणि बस आलीच नाही. डायलिसिस चुकलं, रात्री श्वास अडकला, इस्पितळात भरती करावं लागलं. डेटाबेसमध्ये त्यांची नोंदच नव्हती. नोंद घेणाऱ्या होत्या गोंग मावशी. त्या म्हणत, मी नोंद केली. मशीन म्हणत होतं, काही झालंच नाही. मग खापर कोणाच्या डोक्यावर फुटणार, हे सांगायला कुणी ज्योतिषी लागत नव्हता.

जिंगरूने संस्थेला फोन लावला.

"मावशी, त्या दिवशी लू आजोबांची नोंद करताना काय झालं, पुन्हा सांगता का?"

"किती वेळा सांगू, पोरी? तोंड दुखलं माझं. नाव टाकलं, वेळ टाकली, बटण दाबलं. 'नोंद झाली' असं आलं, हिरव्या अक्षरांत. मी काय आंधळी आहे?"

"नाही, मावशी."

"मग? इथे सगळे म्हणतात, वय झालं, विसरली असशील. चार वाजता समिती बसणार आहे. माफी माग, म्हणजे स्वयंपाकघरात घेतो, असा निरोप आलाय. मी म्हटलं, भांडी घासायची मला लाज नाही. पण न केलेल्या चुकीची माफी माझ्या तोंडून यायची नाही. तुम्हाला काय करायचं ते करा."

"लू आजोबा कसे आहेत?"

मावशींचा सूर निवळला.

"पायाची सूज उतरलीय. काल माशाची पेज घेऊन गेले होते. मलाच विचारतात, तू जेवलीस का."

फोन ठेवून जिंगरूने पुन्हा लॉग उघडला, मशीन आपल्या चुका टिपून ठेवतं ती यादी. खरं तर लॉग कोरा आहे, हेच तिला खटकत होतं. दुपारी तीनला दुसऱ्या दिवशीच्या नोंदी सुरू होतात. संस्थेतल्या चार जणी एकाच वेळी त्याच त्या जागांवर झडप घालतात, आणि तरी नऊ वर्षांत एकदाही भांड्याला भांडं लागलं नाही? हे काही तिला पटेना. तिने आपल्या कॉम्प्युटरवर दोन खिडक्या उघडल्या, दोन्हींतून एकाच बसची शेवटची जागा एकाच क्षणी मागितली. दोन्हीकडे हिरवं उमटलं, 'नोंद झाली'. डेटाबेस उघडून पाहिला तर आत एकच नाव होतं.

मग ती ड्रायव्हरमध्ये शिरली. हा ड्रायव्हर म्हणजे बस चालवणारा नव्हे. प्रोग्रामचा निरोप डेटाबेसला द्यायचा आणि डेटाबेसचं उत्तर परत आणायचं, एवढंच काम करणारा तो कोडचा तुकडा होता, तोही सरांच्याच हातचा. नोंद झाली, की डेटाबेस 'एक' म्हणे. जागा गेलेली असली, की 'उणे एक' म्हणे. पण आणलेलं उत्तर ड्रायव्हर ज्या खान्यात ठेवी, त्या खान्यात उणे चिन्हाला जागाच नव्हती. खालच्या दुकानात स्कूटरच्या मीटरचा आकडा शून्याच्या मागे ढकलला, की सगळे नऊच नऊ दिसतात, तसं त्या उणे एकचं व्हायचं चारशे एकोणतीस कोटींच्या वर काहीतरी. पुढची ओळ भाबडेपणाने विचारी, आकडा शून्यापेक्षा मोठा आहे ना? मग झाली नोंद. डेटाबेस दर वेळी स्वच्छ नाही म्हणत होता आणि ड्रायव्हर तो नकार गिळून हसतमुखाने होकार आणून देत होता. आजवर बस चुकलेली माणसं नोंद घेणाऱ्या बायकांच्या विसरण्यात जमा होत आली होती.

सर आपल्या केबिनमध्ये टर्की-भाताचा डबा उघडून बसले होते. जिंगरूने लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

सरांनी ओळ वाचली. चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

"दुरुस्त करू," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यातल्या अपडेटमध्ये. गाजावाजा न करता."

"आणि आज चार वाजता?"

"चार वाजता त्यांचा फोन येईल. आमच्या लॉगमध्ये एकही एरर नाही, असं मी सांगेन. ते खोटं नाहीये."

"लॉगमध्ये नाही, कारण आपण लिहीतच नाही, सर. गिळतो."

"जिंगरू, तीन नव्या संस्था आपल्याशी बोलतायत. त्या काय माझं तोंड बघून येतायत? इथली आठ घरं त्यावर चालतात. तुझंही त्यात आलं."

"गोंग मावशींचं?"

"त्यांना घरी कोण बसवतंय? स्वयंपाकघरात घेतायत ना." सरांनी लॅपटॉप मिटून तिच्याकडे सरकवला. "जा, जेवून घे. भात निवतोय तुझा."

जिंगरू जागेवर आली. भाताचा डबा तिने उघडलाही नाही. शाळेत ती बाकावर हात ठेवून बसणारी मुलगी होती, इथेही इतकी वर्षं 'हो सर' पलीकडे तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. प्रगतिपुस्तकात दरवर्षी शेरा असायचा, गुणी मुलगी. तो शेरा आज तिला शिवीसारखा आठवला.

तिने ड्रायव्हरमधला तो खाना बदलला, उणे चिन्ह मावेल असा. नकार आला, की तो लाल अक्षरांत, कारणासकट, जिने बटण दाबलं तिच्या स्क्रीनवर यावा, असं केलं. दोन खिडक्या उघडून पुन्हा पुन्हा तपासलं. जुना ड्रायव्हर बाजूला जपून ठेवला. आणि तीनला नोंदी सुरू व्हायच्या बेताला, कुणालाही न विचारता, नवा ड्रायव्हर चालू केला.

थोड्या वेळाने आहोंग खुर्चीतून अर्धा उठला.

"अगं, काय झालं हे? सगळं लालेलाल झालंय."

फोन वाजायला लागले. एक संपेपर्यंत दुसरा. आहोंगने एक उचलला, ऐकला आणि रिसीव्हरवर हात धरला.

"विचारतायत, सिस्टीम बंद पडली का?"

"सांग, बंद नाही पडली. बोलायला लागलीय."

सर केबिनच्या दारात येऊन उभे होते. त्यांनी आधी आहोंगच्या स्क्रीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मागे घे."

"नाही."

टेबलाटेबलांवरून माना वर झाल्या. खालच्या दुकानातला हवा भरायचा पंप तेवढा ऐकू येत होता.

"जिंगरू, मी सांगतोय, मागे घे."

"जुना बाजूलाच ठेवलाय, सर. एक कमांड द्यायचीय फक्त. तुमच्या हाताने द्या. मी देणार नाही." ती खुर्चीतून उठली आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवून ठेवली. "मला काढायचं असेल तर काढा. पण तुम्ही काहीही सांगा, चारच्या आधी त्या समितीला माझा फोन जाणार आहे."

सर आले आणि तिच्या खुर्चीत बसले. आता उभ्याने काय करायचं, ते जिंगरूला कळेना. तिने स्टूल ओढलं, वर चढली, कपाटावरचा हिरवा पुडा काढला आणि दोन्ही हातांनी टरकन फोडला.

"ए, मशीनचा आहे तो," आहोंग म्हणाला. त्याचा आवाज खरोखरच घाबरलेला होता.

"नऊ वर्षं वागलं ते शहाण्यासारखं. पुरे झालं."

तिने मूठभर खाऊ तोंडात टाकला आणि मोठ्याने चावून खाल्ला. गोड होता.

सरांनी ती कमांड लिहिली. आता एक बटण दाबलं, की सगळं पूर्ववत होणार होतं. बोट बटणावर होतं आणि समोर लाल ओळी एकामागून एक वर सरकत होत्या. प्रत्येक ओळीत कुणाचं तरी नाव, कुठल्या तरी गल्लीचा पत्ता, उद्याची वेळ. सर त्या वाचत होते.

जिंगरूच्या टेबलावरचा फोन वाजला. आहोंगने सवयीने स्पीकर लावला.

"पोरी, आहेस का? हे लाल काय आलंय? 'नोंद झाली नाही, ही जागा आत्ताच दुसऱ्याला गेली' म्हणतंय."

"बरोबर म्हणतंय, मावशी. दुसरी बस बघा."

पलीकडे बटणांची टकटक ऐकू आली.

"सव्वासातची मिळाली. हिरवं आलं." मग त्यांचा आवाज एकदम उतरला. "एवढंच होतं होय? मग हे तेव्हाच का नाही बोलायचं गं याने? मी आजोबांना दुसरी बस दिली असती."

"ठेवते, माणसं खोळंबलीत," असं म्हणून मावशींनीच फोन ठेवला. सरांनी बटणावरचं बोट उचललं आणि हात मांडीवर ठेवला.

तेवढ्यात केबिनमधला फोन वाजू लागला. चार वाजायचे होते, पण समितीला धीर नसावा. सर उठले, आत गेले, काचेचं दार लावून घेतलं. एरवी ते खुर्चीत गोल फिरत फोनवर बोलत. आज उभे होते. बोलणं ऐकू येत नव्हतं. बराच वेळ ते एकटेच बोलले, मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. मधेच त्यांनी खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढून पाहिलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

आहोंग हळूच जिंगरूच्या शेजारी आला. त्याने पुड्यात हात घातला.

सर बाहेर आले ते कुणाकडे न बघता जिना उतरून निघून गेले.

"गाशा गुंडाळ आता," आहोंग तोंडातलं चावत म्हणाला. "मलाही धर त्यात. मी खाल्लंय."

जिंगरूने खण उघडला. कप काढला, चपला काढल्या, थंडीतली शाल काढली आणि सगळं पिशवीत भरलं. तिला कशाचाही पस्तावा होत नव्हता. पिशवी मांडीवर घेऊन, पाठ ताठ ठेवून ती बसली. काढायचं तर तोंडावर सांगून काढा, आपण होऊन ती जाणार नव्हती.

जिन्यावर पावलं वाजली. सरांच्या हातात कोपऱ्यावरच्या दुकानाची पिशवी होती. तिच्या मांडीवरच्या पिशवीकडे त्यांनी एक नजर टाकली.

"उद्या सकाळी संस्थेत जा," ते म्हणाले. "गोंग मावशींच्या टेबलाशी तुझ्यासाठी खुर्ची टाकायला सांगितलीय. काय काय लाल येतं, ते त्यांच्याकडून समजून घे."

"मावशी त्या टेबलावरच असणार?"

"मग कुठे असणार?"

सरांचा गुडघा दुखरा होता, तरी ते कुणाला न सांगता स्वतः स्टुलावर चढले. पिशवीतून पुडा काढून त्यांनी कपाटावर ठेवला, तिरका झाला होता तो सरळ केला. पुडा लाल होता.

आहोंगला राहवेना.

"सर, हिरवे नव्हते का?"

"होते की," फान सर कपाटाला धरून जपून खाली उतरत म्हणाले. "ढीगभर होते."